घरच्याच माणसांना परवानगी कसली विचारायची?

(आपल्या मंडळाच्या शरद संमेलनात केलेल्या छोट्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडी दुरुस्ती केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर लगेच जेवण आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा तुमचं लक्ष मसालेभाताच्या वासाकडे जास्त असणार याची मला कल्पना आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्याचा उद्योग आयटी कन्सल्टिंगचा. तेव्हा मी उभा राहिलो की लोकांना वाटतं, आता हा पासवर्ड कसा ठेवायचा ते सांगणार. आज तसं नाही. आजचा विषय शिक्षणातल्या संशोधनाचा आहे, आणि तो माझा विषय नाही हे आधीच कबूल करतो. माझ्या बायकोचा आहे. ती तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे रोखून पाहते आहे, म्हणजे मी काही चुकीचं बोललो तर तुम्हाला लगेच कळेल!

झालं असं, की गेल्या महिन्यात मंडळाकडे एक पत्र आलं. शिक्षणशास्त्रात मास्टर्स करणाऱ्या एका विद्यार्थ्याला आपल्या रविवारच्या मराठी वर्गात यायचं आहे. तो मुलांशी बोलणार, त्यांच्या आजी-आजोबांशी बोलणार, ते रेकॉर्ड करणार आणि परदेशात घरची भाषा कशी टिकते यावर प्रबंध लिहिणार. पत्र चांगलं आहे, मुलगाही चांगला आहे. समितीच्या बैठकीत पाच मिनिटांत ठरलं की आपल्यातलाच आहे, हो म्हणून टाकू. अध्यक्ष सहीचा कोंबडा मारणार एवढ्यात कुणाला तरी आठवलं की आमच्या घरात असं एक प्रकरण पूर्वी होऊन गेलं आहे. म्हणून मी उभा आहे.

तर, आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या बायकोने इथल्या विद्यापीठात एम.एड.ला प्रवेश घेतला. तिचा विषयही साधारण हाच होता. मराठी घरातली मुलं शाळेत, मित्रांत, आजीसमोर कोणती भाषा कधी वापरतात आणि का. डिसेंबरात बाहेर उणे तीस, आणि ही घरात बसून एक लांबलचक अर्ज भरते आहे. कशाचा? तर रिसर्च एथिक्स बोर्डाचा. मुलाखत कोण घेणार, कुठे घेणार, मूल रडलं तर काय करणार, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार... मी हसलो. म्हटलं, ‘अगं, आपलीच मुलं, आपलीच माणसं! परवानगी कसली मागतेस? फोन कर आणि चहाला बोलव.’ ती म्हणाली, ‘आपलीच आहेत म्हणूनच.’ तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

हे जे संशोधन असतं त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. आपल्याला सर्वेक्षण माहीत असतं. हजार लोकांना विचारायचं, टक्केवारी काढायची. त्यात तुम्ही एक टिंब असता, तुम्हाला कोण ओळखणार? इथे मात्र बारा-पंधरा माणसांशी तास-तासभर बोलायचं आणि ती काय म्हणाली, कोणत्या शब्दांत म्हणाली, कुठे थांबली, तेच मोलाचं. म्हणजे माणसाचं बोलणं हाच डेटा. तो गोळा करताना त्या माणसाच्या घरात, मनात शिरावं लागतं. सुई टोचत नाहीत, औषध देत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं यात धोका तो काय!

आता माझी भूमिका. तासाभराचं मराठी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं टाइप करायला पाच-सहा तास लागतात. बायकोला मदत म्हणून मी ते काम घेतलं. तिने अर्जात माझं नाव रीतसर घातलं आणि माझ्याकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतली. नवऱ्याकडून! मी मनातल्या मनात अजून हसत होतो, पण डेटा म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. सगळी नावं काढली, ‘सहभागी क्र. ७’ असे क्रमांक दिले, फाइल्स एन्क्रिप्ट केल्या, किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवली. आता कुणाच्या बापाला कळणार नाही, असा माझा थाट.

खरं म्हणजे मला तरी कळायला हवं होतं. आमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने सरकारी कर्मचाऱ्यांची हॉस्पिटलची माहिती नावं काढून संशोधनासाठी दिली होती. लतान्या स्वीनी नावाच्या एमआयटीतल्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, पिनकोड, स्त्री की पुरुष, एवढ्यावरून राज्याच्या गव्हर्नरची, विल्यम वेल्ड यांची, नोंद शोधून काढली. पुढे २००० साली तिने दाखवलं की या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. नाव लागतच नाही!

आणि ती अमेरिका. आपलं विनिपेग घ्या. मी नुसतं म्हटलं, ‘सेंट व्हायटलमध्ये राहणारं कुटुंब, वडील मूळचे सांगलीचे, आई नर्स, मोठी मुलगी व्हायोलिन वाजवते’, की आपल्यापैकी निम्मे लोक आत्ता माना वळवून कुणाकडे तरी बघतील. (असं कुटुंब आपल्यात नाही, मी मुद्दाम बनवलं आहे. माना वळवू नका!) आपण इनमिन इतकी घरं. इथे क्रमांक सात म्हणजे कोण हे कळायला मतदार यादी लागत नाही, एक हळदीकुंकू पुरतं.

आणि मग माझ्या हातून ते झालं. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक होतं. पुरुषमंडळी एका कोपऱ्यात, मुलं पळापळ करताहेत, विषय निघाला आपली मुलं मराठी बोलतात की नाही याचा. मला वाटलं आपल्याकडे सांगण्यासारखं आहे. मी म्हटलं, ‘अहो, एक मुलगी काय छान म्हणाली माहीत आहे का...’ आणि तिचं एक वाक्य सांगितलं. नाव नाही, वय नाही, काही नाही. लोक हसले. कौतुकानेच हसले. आणि माझ्या मागे, जिन्याच्या पायरीवर, ती मुलगी हातात प्लेट घेऊन उभी होती. तिच्या शेजारी तिची आजी. वाक्य आजीबद्दलचं होतं.

ते वाक्य काय होतं हे मी तुम्हाला सांगणार नाही. वाईट नव्हतं. पण ते तिने माझ्या बायकोला, दार लावलेल्या खोलीत, ‘हे कुणाला कळणार नाही ना काकू?’ असं विचारून सांगितलं होतं. मी ते टाइप करताना ऐकलं होतं. ‘कुणाला कळणार नाही ना’ हे वाक्यसुद्धा मीच टाइप केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. रागावून नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, मुलगी म्हणतेय माझं सगळं काढून टाका. माझ्या बायकोने त्या दिवशी रेकॉर्डिंग, टाइप केलेला मजकूर, टिपणं, सगळं नष्ट केलं. घडलेला प्रकार आपल्या गाइडला आणि एथिक्स बोर्डाला लेखी कळवला. चौकशी होईपर्यंत काम थांबलं, मला त्या कामातून काढलं, ते योग्यच होतं. एक टर्म वाया गेली. घरात आठवडाभर भांड्यांचा आवाज जरा जास्त येत होता. पण हे सगळं भरून निघालं. ती मुलगी मात्र त्यानंतर बरेच महिने मराठी वर्गाला आली नाही. जो प्रबंध मुलांनी मराठी का सोडली हे शोधायला निघाला होता, त्याच्यापायीच एक मूल वर्ग सोडून गेलं.

ही गोष्ट मी आज सांगतो आहे ती तिला विचारून. ती आता विद्यापीठात शिकते. हे भाषण मी तिला आधी पाठवलं. म्हटलं, नको म्हणालीस तर हा भाग गाळतो, ओळखणारे तुला ओळखतील. तिने दोन दिवस घेतले आणि दोन बदल सुचवले. एक, माझं तेव्हाचं वय लिहू नका. दुसरा, तुम्ही आमच्या घरी येऊन सॉरी म्हणालात आणि रडलात ते पण सांगा. तर मंडळी, सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी बोर्ड काय, करार काय, या कॅनडावाल्यांना कागदांची हौसच आहे. मलाही तसंच वाटायचं. पण ही कागदं आली कुठून हे पाहायला गेलात तर फार लांब जावं लागत नाही. आपण उन्हाळ्यात लेक ऑफ द वूड्सला जातो ना, केनोराला? गाडीने दोन-सव्वादोन तास. तिथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी दोन निवासी शाळा होत्या, सेसिलिया जेफ्री आणि सेंट मेरीज. आईबापांपासून तोडून आणलेली मुलं. १९४८ ते १९५२ या काळात लायोनेल पेट नावाच्या सरकारी आहारतज्ज्ञाने देशातल्या अशा सहा शाळांत सुमारे एक हजार मुलांवर आहाराचे प्रयोग केले, त्यात केनोराच्या या दोन्ही होत्या. मुलं आधीच कुपोषित होती, हे त्यांना माहीत होतं. ब्रिटिश कोलंबियातल्या एका शाळेत दूध गरजेच्या निम्म्यापेक्षा कमी मिळत होतं, ते तुलनेसाठी दोन वर्षं तसंच कमी ठेवलं. हिरड्यांवरून निष्कर्ष काढायचे होते म्हणून दातांचे काही उपचार थांबवले. त्याआधी १९४२ साली आपल्याच मॅनिटोबाच्या उत्तरेला, नॉर्वे हाउसला, उपासमार झालेल्या सुमारे ३०० लोकांपैकी १२५ जणांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना तुलनेसाठी तसंच सोडलं. इयान मॉस्बी या इतिहासकाराने २०१३ साली हे सगळं प्रसिद्ध केलं तेव्हा कुठे देशाला कळलं.

मुलांना विचारलं नव्हतं. आईबापांना विचारलं नव्हतं. शाळा चालवणाऱ्यांचा होकार होता, तेवढा पुरला.

आणि हे गोऱ्यांचंच पाप आहे असं समजून मान ताठ करायचं कारण नाही. २००९ साली आंध्रात खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प झाला. त्यातल्या कितीतरी मुली आदिवासी आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणाऱ्या. २०१० मध्ये तो थांबवला गेला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला. ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर नुसते अंगठे होते, आणि २,७६३ वर सह्या होत्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या! लस चांगली की वाईट हा वेगळा मुद्दा. ही लस आज जगभर देतात, आपल्या मुलांना इथे शाळेतच मिळते, आधी घरी फॉर्म येतो, आपण सही करतो. मुद्दा हा की आईबाप हयात असताना वॉर्डनने सही केली.

आता पुन्हा आपल्या बैठकीकडे या. आपले अध्यक्ष कोंबडा मारणार होते तो कुणाच्या वतीने? मी त्यांची वॉर्डनशी तुलना करत नाही, ते माझे मित्र आहेत आणि आजच्या जेवणाचं टेंडरही त्यांच्याकडे आहे! पण वर्गात येऊन पत्रकं वाटायला परवानगी देणं हे मंडळाचं काम. अमुक मूल बोलेल, तमुक आजी बोलतील, हे मंडळ कसं ठरवणार?

कॅनडात याचे नियम १९९८ पासून आहेत. ट्राय-कौन्सिल पॉलिसी स्टेटमेंट म्हणतात त्याला, संशोधनाला पैसे देणाऱ्या तीन केंद्रीय संस्थांनी मिळून केलेलं. त्यात गुणात्मक संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे, मूळ रहिवाशांबरोबरच्या संशोधनावर वेगळं आहे. संमती स्वखुशीची हवी, समजून दिलेली हवी आणि सतत चालू असायला हवी, म्हणजे एकदा सही केली आणि संपलं असं नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मुलांबद्दलची आहे. आईबापांनी सही केली, पण समजण्याइतकं मोठं मूल ‘नको’ म्हणालं, तर ते नको. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली होती, आणि ती डॉक्टरांच्या प्रयोगांसाठी नव्हती, तर माणसांशी बोलून माहिती गोळा करणाऱ्यांसाठी होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या गावातली आहे. मॅनिटोबा विद्यापीठात २०१५ पासून नॅशनल सेंटर फॉर ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन आहे. निवासी शाळांतून गेलेल्यांनी सत्यशोधन आयोगापुढे सांगितलेल्या हकिकती तिथे जपल्या आहेत. पण त्याखेरीज दुसऱ्या एका प्रक्रियेत, नुकसानभरपाईसाठी, ३८ हजारांहून अधिक लोकांनी दावे केले. त्यांतल्या हजारोंनी बंद दाराआड आपल्यावर काय काय झालं ते सांगितलं. लैंगिक अत्याचार, मारहाण, सगळं. काहींनी ते नवरा-बायकोला, मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं. त्या कागदांचं पुढे काय करायचं? केंद्राचं म्हणणं, हा देशाचा इतिहास आहे, जपला पाहिजे. उलट बाजूचं म्हणणं, गुप्त राहील या शब्दावर सांगितलं होतं. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि ६ ऑक्टोबर २०१७ ला कोर्टाने एकमताने निकाल दिला: सांगणाऱ्याने स्वतः ‘जपा’ म्हटलं तर जपा, नाहीतर मुदत संपल्यावर नष्ट करा. ती मुदत सप्टेंबर २०२७ मध्ये संपते आहे. त्यात जे दरम्यान वारले, काही न सांगता, त्यांचेही कागद जाणार. मला हा निकाल पचायला वेळ लागला. बॅकअप हा आमचा धर्म, आम्ही काहीही डिलीट करत नाही. इतका मोठा पुरावा नाहीसा करायचा? अजूनही मला पूर्ण पटलेलं आहे असं नाही. पण जिन्यावरचा तो चेहरा आठवला की कोर्टाची बाजू कळते.

असो. वेळ होत आली. या मुलाला आपण नाही म्हणावं असं मी मुळीच सुचवत नाही. असं काम व्हायला हवं, नाहीतर पन्नास वर्षांनी विनिपेगमध्ये मराठी कोण कसं बोलत होतं हे कुणाला कळणार? पण त्याला काही गोष्टी विचाराव्यात. त्याच्या विद्यापीठाच्या बोर्डाची मंजुरी आली आहे का? पत्रात तसं लिहिलेलं नाही. रेकॉर्डिंग तो स्वतःच्या फोनवर करणार का? आणि हल्ली जी एआयवाली साधनं आहेत, ऑडिओ टाकला की मजकूर तयार, त्यातल्या कशात तो आपल्या मुलांचा आवाज टाकणार आहे का? टाकला तर तो कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातो, तिथे तो किती दिवस राहतो, पुढे त्यावर आणखी काही शिकवलं जातं का? हे मी त्याला विचारीन, ते माझं क्षेत्र आहे. माझ्यासारखा बडबड्या नवरा टाइप करणार का, हेही!

दुसरं, वर्गातल्या बाईच जर म्हणाल्या की ‘मुलांनो, दादाशी बोला हं’, तर कुठलं मूल नाही म्हणेल? म्हणून विचारणारी व्यक्ती शिकवणारी नसावी. मुलांना हेही आधी सांगायला हवं की काय गुप्त राहणार नाही. मॅनिटोबाच्या कायद्याप्रमाणे मुलाला इजा होते आहे, छळ होतो आहे असं कुणाच्याही लक्षात आलं तर कळवणं बंधनकारक आहे, संशोधकालासुद्धा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं सरसकट वचन तो देऊ शकत नाही, त्याने देऊही नये.

आणि आजी-आजोबा. सुपर व्हिसावर आलेली आजी मुलाच्या घरात राहते. पान-दोन पानांचा इंग्रजी फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि मुलगा म्हणाला, ‘आई, इथे सही कर’, तर ती करणारच. आयुष्यभर तेच केलं आहे तिने. मुलाखत दिवाणखान्यात, सून चहा घेऊन आत-बाहेर करते आहे, आणि प्रश्न आहे, ‘आजी, इथे तुम्हाला एकटं वाटतं का?’ काय सांगेल ती? ‘छे रे बाबा, सगळं छान आहे!’ उत्तरही खोटं, आणि चुकून खरं बोलली तर मुलगा परत गेल्यावर घरात काय होईल ते तिचं तिला माहीत. फॉर्म मराठीत हवा, मोठ्या अक्षरात. नाहीतर नियमाप्रमाणे तोंडी संमतीही चालते, ती नोंदवून ठेवायची. आणि बोलणं घराबाहेर कुठेतरी, लायब्ररीत म्हणा, जिथे तिला ‘हे नको लिहूस’ असं मोकळेपणाने म्हणता येईल.

माझ्या बायकोचा प्रबंध पुढे पूर्ण झाला. बाराच्या जागी अकरा मुलं. बाराव्या मुलीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

समिती त्या पत्राचं उत्तर पुढच्या रविवारी लिहिणार आहे. मराठी संमतीपत्राचा एक कच्चा मसुदा आम्ही दोघांनी केला आहे, त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत, पेनंही ठेवली आहेत. जेवून झालं की आजी-आजोबांनी जरूर वाचावा आणि जिथे कळत नाही तिथे बिनधास्त रेघ मारावी. ‘सहभागी’ हा शब्द काल आमच्या सासूबाईंना आवडला नाही. त्यांनी तिथे काय सुचवलं ते मी सांगितलं असतं, पण त्यांना विचारायचं राहिलं आहे.

चला, मसालेभात!